घोट गिळावाच लागतो

पुणे, ८ जानेवारी २०२४

माय,

अक्षर ओळखलं असशील. पत्र पाठवणार असं बाबांना म्हटलं होतं, पण त्यांनी तुला सांगितलं असेल असं वाटत नाही. मी फोन लावते तेव्हा तेच उचलतात. "तुझी माय रानात गेली," म्हणतात, आणि त्याच वेळी मागं भाकरी थापल्याचा आवाज येत असतो. मी पुढं विचारत नाही. बाबांना खोटं बोलायचा सराव नाही, उगीच त्यांची तारांबळ उडते.

तू बोलणं सोडलंस त्याला आता दुसरी संक्रांत येईल. मी खोटं बोलले असते तर तू बोलत राहिली असतीस, हे सारखं मनात येतं. परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकून नोकरी लागली तेव्हा माझ्याबरोबरच्या एका मुलीनं घरी सांगितलं की बिस्किटांची कंपनी आहे. मलाही तसं सांगता आलं असतं. तू ओट्यावर तूर पाखडत होतीस. मी समोर बसून सांगितलं की माय, बिअरची कंपनी आहे, ती बनवायचं आणि चाखून तपासायचं काम आहे. तू सूप खाली ठेवलंस. "हरिचंदाच्या भाचीनं हे करावं," एवढंच म्हणालीस आणि आत गेलीस.

हरिचंदमामाला मी विसरले नाही. गोरेगावच्या बाजारातून मला खांद्यावर बसवून आणणारा तुझा धाकटा भाऊ. तो दारूनं गेला, आणि त्याच्यामागं तू गावातल्या बाया गोळा करून, मतदान लावून बाटली आडवी केलीस, दुकान बंद पाडलंस. मी नववीत होते. तुझ्या मागं घोषणा देत चालले होते. त्याच तोंडानं आता मी बिअर चाखते. तुला काय वाटत असेल ते कळतं. तरी लिहिते.

मी बरी आहे. डबा एका बाईंकडून येतो. भाकरी फार पातळ करतात.

तुझी
पुनम

पुणे, ११ फेब्रुवारी

माय,

बाबांनी काल फोनवर आवाज बारीक करून सांगितलं की तू पत्र वाचलंस. आणि भांडी घासताना म्हणालीस, "इस्कटून सांगावं म्हणावं तिला, तिच्या दारूत आन हरिचंदाच्या दारूत फरक काय हाय."

रागानं म्हणाली असशील. पण विचारलंस, म्हणून सांगते.

आमचं चाखायचं काम सकाळी असतं. जेवणाच्या आधी, नाक ताजं असतं तेव्हा. टेबलावर पांढरा कागद अंथरतात, रंग नीट दिसावा म्हणून. प्रत्येक ग्लासात तळाशी जेमतेम ओतलेली असते. फिकीपासून सुरुवात करून काळीपर्यंत जायचं. उलटं गेलं तर काळीनंतर फिकी लागतच नाही.

आधी लागर. थंडीत हळूहळू मुरवलेली, अगदी नितळ. तिच्यात लपायला जागा नसते, बनवताना जरा चूक झाली की चव लगेच सांगते. मग गव्हाची. ती गढूळ असते, आणि तिला पिकल्या केळीचा आणि लवंगेचा वास येतो. वसमतच्या केळीच्या वखारीत शिरल्यासारखं वाटतं. आत केळं नसतं, लवंगही नसते. पाव फुगवतात तसलंच यीस्ट असतं, ते उबेत काम करताना हा वास सोडतं. मग पेल एल. तिच्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात. वास कैरीचा, संत्र्याच्या सालीचा, आणि मागून कारल्यासारखं कडू. तीच फुलं जास्त घातली की इंडिया पेल एल. पहिल्यांदा प्यायले तेव्हा तोंड वाकडं झालं होतं. आता दोन कारखान्यांच्या पेल एल शेजारी ठेवल्या तर कोणाचा कडूपणा घशात चिकटून राहतो आणि कोणाचा लगेच निघून जातो, ते डोळे मिटून सांगते. नाव एकच, पण एक भांडखोर असते आणि दुसरी समजूतदार.

मग आंबट. तिच्यात मीठ आणि धने असतात. ती पहिल्यांदा जिभेवर घेतली तेव्हा तुझी आंबील आठवली आणि मला तिथंच लाज वाटली. शेवटी स्टाउट. काळीभोर. जव कॉफीसारखे काळे होईपर्यंत भाजून घालतात. तिच्यावर बदामी फेस असतो.

वाइन चाखणारे लोक घोट थुंकून टाकतात. आम्हाला तसं चालत नाही. बिअरचा कडूपणा घशाखाली उतरतानाच नीट कळतो, म्हणून घोट गिळावाच लागतो. लहान घोट, मधे पाणी, मधे साधा पाव.

आता तुझा प्रश्न. मामा चवीसाठी पीत नव्हता, इथं लोक चवीसाठी पितात, असं मी आधी लिहिलं होतं. मग खोडलं. आमच्या कारखान्याला लागून बसायची जागा आहे. तिथं चौथा ग्लास मागवणारा माणूस चवीसाठी मागवत नसतो, हे मी रोज पाहते. बिअरमध्ये अल्कोहोल कमी असतं हे खरं. पण असतं तेच, मामाच्या बाटलीतलं. इतकंच मला सांगता येतं.

पुनम

पुणे, १७ मार्च

माय,

आज मदत मागायला लिहितेय.

आमचे मुख्य ब्रुअर शंकरसिंग. बिअर कशी बनवायची हे ठरवणारा माणूस. आपल्याच जिल्ह्यातले, आखाडा बाळापूरचे. बायको रुक्माबाई तिकडं शेती बघतात, हे इथं एकटे. मला चाखायला त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी माझ्यासमोर तीन ग्लास ठेवले. दोन एकाच टाकीतले, एक दुसऱ्या टाकीतला. वेगळा कोणता ते ओळखायचं. मी चुकले. म्हणाले, "बाई, आधी नाकाला इचारत जा. जिभेला घाई असते." बिघडलेल्या मालाचे वास त्यांनी मला आपल्याकडच्या नावांनी शिकवले. लोण्याचा वास आला तर यीस्टचं काम अर्धवट राहिलं. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळी कमी पडली. भिजल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा लागली.

गेल्या आठवड्यात एका पेल एलला लोण्याचा वास येत होता. ग्लास तोंडाजवळ न्यायच्या आधीच मला आला. त्यांनी तो माल चांगला म्हणून पुढं पाठवायला सांगितलं होतं. मला वाटलं माझंच चुकलं असेल. म्हणून तीन ग्लास ठेवले, एक त्या टाकीतला, दोन चांगल्या टाकीतले. त्यांना ओळखता आला नाही. पुन्हा ठेवले, पुन्हा नाही. सर्दी झालीय म्हणाले. आणि मग समोरचे ग्लास एकामागून एक रिकामे केले. माझ्यापुढचेही. बाकीच्यांच्या ग्लासांत तळाशी उरलेलीही. लोक हसले, सरांना तहान लागली म्हणाले. मी हसले नाही. पहिला ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. शेवटचा एका हातानं धरला. मामाचे हात सकाळी असेच कापायचे आणि थोड्या वेळानं थांबायचे. तू मला तेव्हा त्याच्यासमोरून उठवून न्यायचीस.

दुसऱ्या दिवशी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. आधी चिडले. मग खाली बसले. म्हणाले, "पाडव्यापासून बंद. एक थेंब बी न्हाई. खोलीला कडी लावून बसतो चार दिवस. मालकाला सांगू नको." मला बरं वाटलं. रात्र गेल्यावर भीती वाटायला लागली, कशाची ते कळेना.

मालकाला सांगितलं तर त्यांची नोकरी जाईल. गप्प बसले तर काय होईल ते मला माहीत आहे. असा माणूस तू जवळून पाहिला आहेस. मी काय करू? रागावून लिही, पण लिही.

पुनम

मु. पो. आपलं घर, २५ मार्च

पुनम,

लिहायची सवय न्हाई. चुका असतील.

त्या माणसाला कडी लावून बसू देऊ नको. पाडव्याची वाट पाहू नको. एकदम सोडू देऊ नको. आधी दवाखाना.

हरिचंदाची बाटली मी चावडीपुढं फोडली. चार लोकांत त्याला नको ते बोलले. म्हणलं, पुन्हा पिऊन आला तर मला बहीण म्हणू नको. त्यानं त्याच दिवशी सोडली. गुरांच्या कोठ्यातल्या खोलीत आतून कडी लावून बसला. मी मनातून खूश होते. ताट दाराबाहेर ठेवून येत होते, आत जात नव्हते. म्हणलं जरा तकलीफ होऊ दे. तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला. कडी तोडस्तोवर संपला होता. झटके आले होते.

नंतर कळमनुरीच्या दवाखान्यात एक नर्सबाई भेटली. ती म्हणली रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर असं होतं, औषध देऊन, माणसाजवळ बसून सोडवावी लागते. मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सगळे म्हणतात हरिचंद दारूनं गेला. मी बी तेच म्हणत आले, सभेत बी तेच बोलले. तो दारू सोडून गेला. माझ्यासाठी सोडून गेला. हे मी तुझ्या बाबाला बी सांगितलं न्हाई.

उशीर करू नको. तुझे बाबा हिंगोलीला जाऊन हे पत्र टाकून येतेत.

माय

पुणे, १२ एप्रिल

माय,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी शंकरसिंगांना घेऊन डॉक्टरांकडं गेले. यायला तयार नव्हते. वाद घातला नाही, तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. तुला न विचारता दिलं, त्याचा राग येऊ दे. वाचून झाल्यावर त्यांनी चपला घातल्या.

डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं. म्हणाले, घरी कोंडून सोडायचा बेत होता तो फार वाईट होता. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मला म्हणाले, बाई झटक ना त्या. घाम एवढा की चादर बदलावी लागली. नर्स येऊन औषध देत होत्या, मी आणि रुक्माबाई आळीपाळीनं जवळ बसलो. रुक्माबाई बाळापूरहून आल्या होत्या, पाच वर्षांत पहिल्यांदाच पुण्याला. नवऱ्याचा हात धरून बसल्या होत्या आणि मला सारखं जेवून घे म्हणत होत्या.

पाडवा दवाखान्यातच झाला. त्या दिवशी ते शुद्धीवर होते. मुंग्या गेल्या होत्या.

मामाबद्दल तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी काही चूक नव्हती असं मी म्हटलं तर तू ऐकायची नाहीस. तुझ्यामुळं झालं असं मी कधीच म्हणणार नाही. मला एक माहीत आहे. इतकी वर्षं तू जे कुणाला सांगितलं नाहीस ते एका अनोळखी माणसासाठी लिहिलंस, आणि तो माणूस काल उपमा खात होता.

बाबांना सांग. त्यांना कळलं पाहिजे असं मला वाटतं. पण ते तुझं तू ठरव.

पुनम

पुणे, २३ जून

माय,

बाबा म्हणतात तू आता खरंच रानात असतेस, पेरणी चालू आहे. म्हणून पत्रच.

शंकरसिंग बाळापूरला परत गेले हे तुला माहीतच आहे. आमच्या कामात ते परत येऊ शकत नाहीत, डॉक्टरांनी तसं बजावलंय, आणि त्यांनाही ते पटलंय. मालकानं त्यांची जागा मला देऊ केली. मी म्हटलं, घेते, पण काम सुटल्यावर कारखान्यातल्या लोकांना फुकट ग्लास मिळतात ते बंद करायचे. चाखायचं काम वाटून घ्यायचं, प्रत्येकाला मधे कोरडे दिवस मिळाले पाहिजेत. आणि आज मला नको असं कुणी म्हणालं तर का म्हणून विचारायचं नाही. मालक म्हणाले, ही काही तुमची ग्रामसभा नाही. मी म्हटलं, माहीत आहे, मग जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी विचार करायला वेळ घेतला आणि हो म्हणाले. दोघं जण चिडून नोकरी सोडून गेले. त्यातल्या एकाचं नाक फार चांगलं होतं.

परवा रुक्माबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या माय येऊन बसतेत आमच्याकडं." मला आधी कळेना कुणाबद्दल बोलतायत. गोरेगावहून जीपनं हिंगोली, तिथून बसनं बाळापूर. माय, तू मला का नाही सांगितलंस?

सगळं सांगितलं त्यांनी. तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा दारात उभी राहून म्हणालीस, मी पुनमची माय. पाणी प्यालीस आणि शंकरसिंगांच्या खाटेजवळ बसलीस. दुसऱ्या खेपेला विचारलंस, "माझी पोरगी काय काम करून राहिली ते सांगा. तिनं लिहिलेलं मला बराबर समजलं न्हाई." मग त्यांनी तुला गव्हाच्या बिअरपासून सगळं सांगितलं. आणि तू विचारलंस, "ती तुमच्यावानी होईल का?"

ते म्हणाले, "होऊ शकते, शालूबाई. मला बी वाटलं नव्हतं."

हे ऐकून मला त्यांचा राग आला. दिवसभर होता. मग वाटलं, दुसरं काय सांगणार होते तुला? मलाही ते माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ झाली की आज काहीच चाखलं नाही असं माझ्या मनात येतं. गेल्या वर्षी येत नव्हतं. म्हणून ते कोरडे दिवस मी आधी स्वतःसाठी मागितले होते. मालकाला ते कळलं नाही.

मी तुला शपथ देणार नाही. खरं काय ते लिहीत जाईन. तुला वाटेल तेव्हा विचार, फोनवरही.

पुनम

पुणे, १८ नोव्हेंबर

माय,

दिवाळीला आले तेव्हा तुझ्याशी खूप बोलायचं होतं. तू लाडू वळायला बसवलंस आणि शेजारच्या कहकशाला घेऊन बसलीस, तिच्यासमोर काही निघेना. मला वाटतं तू मुद्दामच केलंस. तेही बरं झालं. बाबांना तू मामाचं सांगितलंस हे मला त्यांच्याकडं बघूनच कळलं. आता तू आवाज दिलास की ते लगेच उठून येतात.

भाऊबीजेला तू कुठं जात नाहीस, मामा गेल्यापासून. यंदा सकाळीच म्हणालीस, "चल, बाळापूरला जाऊन येऊ." कळमनुरीला बस थांबली तेव्हा दवाखान्याच्या बाजूला बघून पदर सारखा केलास.

बाटली घरात आणायची नाही हे मी स्वतःच ठरवलं होतं. पण तू माझं काम शंकरसिंगांकडून ऐकून घेतलंस, तर तुला ते चाखताही यावं असं मला वाटत होतं. म्हणून पुण्याहून धान्याच्या पुड्या आणल्या होत्या, त्या बाळापूरला बरोबर घेतल्या. जव आणि गहू भिजवून, मोड आणून वाळवतात, मग कमीजास्त भाजतात. बिअरची चव अर्धी तिथंच ठरते. त्यात नशा नसते, नुसतं धान्य. शंकरसिंगांनी पुड्या बघितल्या आणि न विचारता ताटलीत फिक्यापासून काळ्यापर्यंत क्रमानं ओतल्या. ती सवय त्यांची जायची नाही.

तू पहिला दाणा दातांखाली धरलास, चावलास. "लाह्यावानी लागतंय," म्हणालीस. दुसरा गव्हाचा. "हे मऊ हाय, कोंड्याचा वास येऊन राहिला." तिसरा लालसर. तो तू दोनदा घेतलास. "गुळाच्या कढईची खरवड." चौथा काळा. चावलास आणि तोंड वाकडं केलंस. "हे करपलं. कुणाची तरी भाकरी तव्यावर इसरली."

शंकरसिंग हसले. मोठ्यानं. आतून रुक्माबाई हातातलं काम टाकून दारात आल्या, कोण हसलं ते बघायला.

आणि मग तू ताटलीकडं बघत विचारलंस, "हरिचंदाला ह्याच्यातलं कोणतं आवडलं असतं?"

माय, मी रिकाम्या पुड्या गोळा करायला लागले. शंकरसिंग खिडकीकडं बघायला लागले. तू उठून म्हणालीस बसची वेळ झाली. परतीच्या वाटेवर तू तो विषय काढला नाहीस आणि मीही काढला नाही. मग मी पुण्याला आले. तेव्हापासून उत्तर मनात घेऊन हिंडतेय, म्हणून हे पत्र.

मामाला लाल दाणा आवडला असता. त्यानं ताटलीतून मूठभर उचलून सदऱ्याच्या खिशात घातला असता, रस्त्यानं खात गेला असता आणि भेटेल त्याला दिला असता. बाकीचे त्यानं चाखलेसुद्धा नसते.

आणि मग त्यानं मला विचारलं असतं की पोरी, ह्याची बनते ती कुठं हाय? मी त्याला दिली नसती. माझ्या हातची असती, कितीही चांगली उतरली असती, तरी दिली नसती. त्याला घेऊन दवाखान्यात गेले असते. तू आमच्याबरोबर आली असतीस. त्याला मुंग्या दिसल्या असत्या तेव्हा तू त्या झटकल्या असत्यास. ताट दाराबाहेर ठेवलं नसतंस, आत त्याच्याजवळ बसून त्याला घास दिला असतास.

तुझी
पुनम